एका रात्रीचा तळ

१

"हात बरे आहेत तिचे. माझ्यानंतर निभावून नेईल."

हे माझ्याविषयी होतं, आणि मी ते ऐकावं असं नव्हतं. मी मागच्या खोलीत ओले मोजे वाळत घालत होते. ब्लाइनकुमच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, घरात ओलीनं फुगून एकही दार नीट लागत नाही, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मला इथल्या सगळ्यांची मतं कळली होती. माझी कोणाला कळली नव्हती, कारण ती कोणी विचारली नव्हती आणि मीही सांगितली नव्हती.

"आधी चहा तरी जमू दे तिला," सासरे म्हणाले. "नुसतं गरम पाणी पाजते."

"चहा कोणीही करतं, एम्लिन."

"आई, तिला यात ओढू नकोस." हा माझा नवरा, इद्वाल.

"मग कोणाला ओढू? तुला? तू तर त्या बाजूला तोंड करून उभासुद्धा राहत नाहीस."

कपात चमचा फिरत राहिला, साखर विरघळून गेल्यावरही.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. वडिलांचं खालच्या गावात पेंडीचं दुकान. लहानपणापासून पोती उचललेली. लग्नाच्या फोटोत फुलांचा गुच्छ माझ्या मुठीत कोथिंबिरीच्या जुडीएवढा दिसतो. मला वाटलं, वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की अडलेलं कोकरू ओढून काढायला माणूस लागतं, त्याविषयी बोलत असतील. तरी एक गोष्ट खटकली. अडलेल्या मेंढीला रुंद हात चालत नाहीत. त्यासाठी सगळे बारीक हाताची सून शोधतात.

२

दुपारचं जेवण झालं की सासूबाई भांडी तशीच ठेवून उठायच्या. दिवंगत मोठ्या मुलाचा, कार्विनचा, जाड कोट अंगात घालायच्या, दाराशी टेकलेलं सपाट पात्याचं फावडं उचलायच्या आणि मागच्या डोंगरावर चालू लागायच्या. कोणी "कुठे" विचारायचं नाही. सासरे तेवढ्यात पेपर उघडायचे. इद्वालला त्याच वेळी ट्रॅक्टरखाली काहीतरी गळताना दिसायचं.

"वरच्या रोमन तळाचा बांध दुरुस्त करते," त्यानं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. "नव्या मेंढ्यांना हद्द कळावी म्हणून."

हे मला पटण्यासारखं होतं. आमच्या डोंगरावर कुंपण नसतं. आपली जागा कुठवर, हे मेंढी पिलाला बरोबर हिंडून शिकवते, आणि ते पिलू मोठं होऊन आपल्या पिलाला. ब्लाइनकुमचा जुना कळप चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये बर्फात गेला. विकत आणलेल्या मेंढ्यांना आई नव्हती, म्हणजे हद्दही नव्हती.

एकदा पाऊस थांबेना, म्हणून मी थर्मासमध्ये चहा भरून वर गेले.

तळ मी लहानपणी पाहिलेला होता. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्य चालत जाताना एका रात्रीसाठी इथे थांबलं, संध्याकाळी खंदक खणला, माती आत टाकून चारी बाजूंनी बांध घातला, सकाळी निघून गेलं. शाळा आम्हाला सहलीला इथे आणायची. आम्ही मुली बांधावर बसून पाव खायचो आणि आमचे पाय जमिनीला टेकायचे.

माणूस मोठा झाला की लहानपणची ठिकाणं छोटी होतात. हा बांध माझ्या छातीला लागत होता.

सासूबाई गुडघ्यांवर बसून गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचत होत्या. पश्चिमेच्या बाजूला दहा-बारा हात बांध कोसळला होता. कोसळला म्हणजे कसा, तर खंदकात लाद्या पडल्या होत्या, आणि त्या सगळ्या गवत खाली करून, एकीला एक लागून, नीट ओळीत.

"मेंढ्या पाडतात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"आतून?"

"ठेव तो चहा. वर झाकण लाव, पाऊस जातोय त्यात. तशीही त्यात पाण्याची काही कमी नसते."

मी बांधावर चढून आत पाहिलं. आतलं गवत घोट्याच्या वर वाढलेलं, कोवळं, गोड. सगळ्या डोंगरावर असा चारा नव्हता. आणि त्यात एक लेंडी नव्हती. मेंढ्या बाहेर खंदकाच्या कडेनं उभ्या होत्या, फळल्याची खूण म्हणून नराच्या छातीला फासतात तो निळा रंग पाठीवर लागलेल्या, आणि आत बघत होत्या.

३

जुन्या वास्तूंची देखरेख करणाऱ्या कचेरीतून एक बाई आल्या. आपल्या जमिनीत असा तळ असला की त्याला कुदळ लावायची नाही, असा कायदा आहे. सासऱ्यांनी सकाळपासून दोनदा दाढी केली.

बाई भिजून पण खूश होऊन खाली आल्या. "इतका सुंदर राखलेला बांध मी पाहिलेला नाही, मिस्टर प्रॉसर! नाहीतर हे तळ झिजून झिजून नुसती गवतावरची सावली उरते. तुम्ही काय करता तरी काय?"

सासऱ्यांना ठसका लागला.

"काही नाही करत," इद्वाल म्हणाला. "तीच तर युक्ती आहे."

"पश्चिमेकडे थोडा ताजा वाटतो."

"घूस," सासरे म्हणाले. "मोठी. फार मोठी."

मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले. मला हसू आवरेना. लग्नानंतर त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा हसले असेन. बाईंनी मनुकांच्या केकचा आणखी एक तुकडा घेतला आणि मला समजावायला लागल्या, नवी सून म्हणून. "गंमत म्हणजे, हे उरलंच कसं हा प्रश्न आहे. ती माणसं आपला तळ मागे उभा ठेवायची नाहीत. शत्रूला उपयोग होईल ना. म्हणून सकाळी निघताना..."

"निघताना मोडून जायचे," सासूबाई म्हणाल्या.

बाई थांबल्या. "बरोबर. तुम्ही वाचलंय वाटतं."

"नाही," सासूबाई म्हणाल्या आणि बाईंपुढची बशी उचलली. केक अजून संपला नव्हता.

४

सकाळी सगळ्यांत आधी मी उठत असे. शेगडीतली राख काढायची, लाकडं घालायची. उजाडायच्या बेताला घर इतकं गप्प असतं की भिंतीतली ओलसुद्धा ऐकू येईल.

त्या सकाळी आवाज आला. धप्प. मग थोडा वेळ काही नाही. मग धप्प. ओल्या कणकेचा गोळा ओट्यावर आपटावा तसा. तो डोंगराकडून येत होता आणि त्याला घाई नव्हती. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काही जात असावं, अशी त्याला लय होती. मी आधी वारा म्हटलं, पण चिमणीचा धूर सरळ वर चालला होता. मग दहिवरानं माती सुटत असेल म्हटलं. माती सुटते तेव्हा ती मध्ये थांबून दम घेत नाही.

सासरे आत आले आणि चपला घालायच्या आधी त्यांनी रेडिओ मोठा केला. कोकरांचे भाव चालले होते.

"बाबा, वर कोणीतरी..."

"नळ. नळात हवा अडकते."

"नळ या बाजूला आहे."

"हवा काय, कुठेही जाते, पोरी." ते खिडकीकडे पाठ करून बसले. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही. मी दिलेला चहा त्यांनी मुकाट्यानं प्यायला, टोमणा न मारता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या दिवशी गोठ्यात मी इद्वालला धरलं. तो बादल्या खाली ठेवून बोलला, पहिल्यांदाच, आणि सगळं भिंतीकडे बघून.

कार्विन बर्फात गेला हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. त्याच्या मयताला मीही वडिलांबरोबर गेले होते, मागच्या बाकावर बसले होते. पण कसा गेला ते मला माहीत नव्हतं. वादळ आलं तेव्हा मेंढ्या व्यायला टेकलेल्या, आणि तो त्यांना आणायला वर गेला. वादळात तळाच्या बांधाआड बसायचं, हे आमच्याकडे मुलांना चालायच्या आधी शिकवतात. वारा लागत नाही तिथे. मेंढ्याही तेच करतात, त्यांच्या आयांनी शिकवलेलं असतं. आणि बर्फ वाऱ्यातून उडत येतो आणि नेमका तिथेच पडतो, जिथे वारा नाही. परका माणूस भ्यायला असता, उघड्यावरून धडपडत खाली आला असता, जगला असता. कार्विन जाणता होता. तो बांधाआड बसला. बर्फ उतरला तेव्हा तो सापडला, आणि त्याला चहूकडून चिकटून त्याच्या मेंढ्या.

"आई त्या दिवसापासून बांध बांधते," इद्वाल म्हणाला. "आधी आम्हाला वाटलं, हाताला काम हवं असेल बिचारीला."

"आणि आता?"

"दर वर्षी जास्त पडतो, तेग्वेन. तिच्या एकटीच्या हातचं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, वाकायचं नाही. ती म्हणते, मग रांगत जाईन."

"तू हे बंद का करत नाहीस?"

"मी एकदा फावडं लपवलं होतं," तो म्हणाला. "तिनं ताटलीनं खणलं."

५

पुढच्याच आठवड्यात सासूबाई जिन्यावर बसल्या आणि उठल्या नाहीत. ओठ निळे पडले होते. आम्ही त्यांना शेगडीजवळच्या खाटेवर निजवलं. दुपार झाली तशा त्या दाराकडे बघायला लागल्या, आणि मग माझ्याकडे.

"आज तू जा."

"एक दिवस राहू दे ना, आई."

"एक दिवसच लागतो त्यांना."

सासऱ्यांनी पेपर उघडला. पेपर कालचा होता.

"ते एका रात्रीपुरते आलेत," सासूबाई म्हणाल्या. मीठ लावलेलं मटण किती दिवस टांगायचं हे सांगावं, इतक्या सरळ सुरात. "बांध मोडून झाला की त्यांची रात्र संपली, ते निघाले. मग तोही त्यांच्याबरोबर जाईल. एकटा कुठे राहील तिथे? बांध उभा आहे तोवर कोणी कुठे जात नाही. लाद्या ओल्या असतानाच बसव, गवत बाहेर करून. आणि मधे थांबू नकोस."

मला म्हणायचं होतं की आई, हे सगळं तुमच्या दुःखानं रचलेलं आहे. मी माझे बूट घातले. घरात नवीन आलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा खणणं सोपं जातं.

पडलेला भाग आता घराच्या लांबीएवढा होता. मी कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर हातांना ते आवडलं. लादी उचलायची, बसवायची, फावड्याच्या पाठीनं थोपटायची. ढग खाली उतरले होते. मेंढ्या नेहमीसारख्या बाहेरच्या कडेला, रवंथ न करता उभ्या.

वरची शेवटची रांग बसवून मी दोन्ही तळहात त्यावर दाबले. आणि आतून कोणीतरी दाबलं.

जोरात नाही. रागानंही नाही. दार लागलंय की उघडं आहे ते बघायला माणूस जाता जाता हात लावतो, तेवढंच. माझ्या हाताखालची लादी एक बोटभर बाहेर सरकली आणि थांबली. मी मनाशी म्हटलं, माती बसतेय. मी ती पुन्हा आत ढकलली. बोटभर सरकली. मला त्या मातीआड एक मोठं, धीराचं थकलेपण जाणवलं, रांगेत उभ्या असलेल्या माणसांचं असतं तसं. मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते: मी लादीवर पाठ टेकली, टाचा रोवल्या आणि ती हलायची थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पुरा झाला?"

"झाला."

"काही...?"

"काही नाही. घूस," मी म्हटलं. "मोठी."

त्यांनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. माझ्या हातावरचा चिखल त्यांच्या दुलईला लागला. त्या पहिल्यांदा माझ्याशी मायेनं वागल्या, तो हा असा दिवस.

६

पहाटे आवाज सुरू झाला तेव्हा मी राख तशीच टाकली आणि वर गेले. का गेले ते सांगता येणार नाही. कदाचित दिवसाउजेडी एक घूस पाहायला मिळेल, आणि माझं पुढचं आयुष्य सुटेल, असं वाटलं असेल.

मी चढण संपवली तेव्हा आवाज थांबला. पूर्वेला राखाडी उजेड होता. मी काल घातलेला बांध पूर्ण सपाट झाला होता, आणि लाद्या खंदकात ओळीनं निजल्या होत्या.

मेंढ्यांचा कळप त्या खिंडाराच्या समोर होता. आणि तो दुभंगला. रस्त्यावर गाडी आली की मेंढ्या उधळतात, तशा नाही. अर्ध्या या बाजूला, अर्ध्या त्या बाजूला सरकल्या आणि मधे सरळ एक वाट उरली. त्या वाटेत काही नव्हतं. मी परत सांगते, काही नव्हतं. फक्त गवत खाली बसत गेलं, खिंडारापासून डोंगरमाथ्याकडे, आणि मेंढ्यांच्या माना त्याबरोबर वळत गेल्या, बराच वेळ. जाणारे खूप होते. दहिवरात भिजलेल्या चामड्याचा आणि विझवलेल्या शेकोटीचा वास आला. कोणीतरी खोकलं. सकाळी कामाला निघालेला माणूस खोकतो तसं साधं.

मग गवत बसायचं थांबलं, पण मेंढ्या मिटल्या नाहीत. वाट उघडीच राहिली. अजून कोणी यायचं होतं.

मी खिंडाराकडे पाहिलं. आतल्या बाजूला, बांध जिथे उभा उरला होता त्याच्या आडोशाला, एक माणूस उभा होता. माझ्याकडे पाठ. डोकं थोडं कललेलं. खांद्यांवर बर्फ होता. आदल्या मार्चपासून त्या डोंगरावर बर्फ पडलेला नव्हता. तो निघालेल्यांच्या बाजूला बघत नव्हता. तो खाली, आमच्या धुराड्याकडे तोंड करून होता, आणि त्याचा उजवा हात वर, कानाशी होता. कमी ऐकू येणारा माणूस नीट ऐकायला धरतो, तसा.

तो वाट बघत होता. एवढं मला पाठीवरूनही कळलं.

डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी पापणी मिटली. उघडली तेव्हा तिथे बांधाचं टोक होतं, आणि मेंढ्या एकमेकींत मिसळून चरायला लागल्या होत्या.

७

स्वयंपाकघरात तिघंही होते. इद्वाल पाव कापत होता. सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या, पाय खाली, आणि सासरे त्यांना बूट घालू देत नव्हते.

"किती पडलाय?" सासूबाईंनी मला विचारलं.

"सगळा."

"मग आज आपण दोघी जाऊ. एम्लिन, सोड तो बूट."

"नेस्टा, मरशील."

"मग वरच पुरा मला. सोपं पडेल."

"मी त्याला पाहिलं," मी म्हटलं.

रेडिओ चालू होता. इद्वालनं तो बंद केला. त्या घरात सकाळी रेडिओ बंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

"बाकीचे निघून गेले. मेंढ्यांनी त्यांना वाट दिली. तो नाही गेला. बांध पडलेला होता, वाट मोकळी होती, तरी गेला नाही. तो इकडे तोंड करून उभा होता. हात असा." मी हात कानाशी नेला.

सासूबाईंच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा नव्हे. ओझं उचलताना निघतो तसला.

"आई?" इद्वाल म्हणाला.

"तळावरच फोन लागतो," सासूबाई म्हणाल्या. त्या कोणाशीच बोलत नव्हत्या. "त्यानं केला होता मला. वादळातून. म्हणाला, आई, अजून खालची वाट दिसतेय, मेंढ्या सोडून खाली येऊ का? अजून जमेल. आणि मी म्हटलं, नको. बांधाआड बस. हलू नकोस. बाबा येतायत. तो म्हणाला, बरं."

सासरे बूट हातात घेऊन जमिनीवर बसले. त्यांना हे माहीत नव्हतं. इद्वाललाही नव्हतं. चार वर्षं ती बाई एकटीनं हे रोज डोंगरावर नेत होती आणि रोज परत आणत होती.

"त्यानं नेहमी ऐकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. "हा इद्वाल नाही ऐकायचा. तो ऐकायचा. आज बांध घातला नाही तर जाईल तो, पोरी. मग माझ्याकडे काही उरत नाही. कोट उरतो."

इद्वालनं माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं त्याचे डोळे म्हणत होते. मला गप्प राहता येतं, आजवर तेच तर येत होतं. मी खाटेजवळ गेले, गुडघे टेकले, आणि सासऱ्यांच्या हातातून बूट घेऊन सासूबाईंच्या पायात सरकवला. मग दुसरा. नाड्या बांधल्या. फावडं दाराशी होतं, ते मी तिथेच राहू दिलं.

"त्याला बांधानं अडवलेलं नाही, आई," मी म्हटलं. "तुम्ही थांब म्हणालात म्हणून तो थांबलाय. चला, मी धरते तुम्हाला. वर जाऊ, आणि तुमच्या तोंडानं त्याला सांगा, की आता नीघ."